खटका

अहो, ऐकलंत का? नाही नाही, हा आत्ता ‘खट्ट’ झाला तो आवाज नव्हे. त्याचंही सांगते, पण मागाहून. आधी जरा कुंपणाजवळ या. ती मेंदीची फांदी सारा बाजूला... हां. माडीवाल्या काकूंकडचं कळलं ना? कळलंच असणार म्हणा, अख्ख्या आळीत झालंय. पण तुम्ही ऐकलंत ते पिठाच्या गिरणीतलं. तिथं दळण जाडं निघतं आणि बातमी त्याहून जाडी. मी प्रत्यक्ष तिथं होते! अनारशाच्या पिठाचा डबा मांडीवर घेऊन, त्यांच्या ओसरीच्या पायरीवर.

यंदा धोंड्याचा महिना आला नेमका मेच्या सुट्टीत. म्हणजे लेक, जावई, नातू सगळे एकदमच. काकूंची धांदल विचारू नका. तेहतीस अनारसे, ताम्हनात दिवा, जावयाला कपडे, आणि परत जाताना पुण्याला न्यायला दोन किलो वाघ्या घेवडा. आपला तो रेघारेघांचा हो, जीआय मिळालाय बघा त्याला. जावईबापू त्याला राजमा म्हणतात. काकू ऐकून घेतात. जावयाचं सगळंच ऐकून घ्यायचं असतं... लग्न ठरत होतं तेव्हा याच पाव्हण्यांनी विचारलं होतं ना, ‘कोरेगाव म्हणजे कोरेगाव पार्क का?’ काकांच्या तोंडात तेव्हा विडा होता म्हणून बरं.

तर काय सांगत होते... हां, बंदूक.

चिकूची हो, नातवाची. निळी-नारिंगी, माझ्या हाताएवढी लांब, स्पंजचे बाण मारणारी. ते नर्फ म्हणतात ना, त्या जातीची. कंपनी दुसरीच कुठली तरी. पहिल्याच दिवशी टीचरबाई आल्या आणि त्यांनी आधी ती उलटी करून शिक्का शोधला. ‘१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यावर आयएसआय पाहिजेच,’ म्हणाल्या. सापडला शिक्का, तेव्हा कुठं चहा घेतला. त्यांना मेथीच्या जुडीवरही शिक्का लागतो. मग बसून सगळी कुळकथा. म्हणे हे बाण वगैरे फार नंतरचं, १९७० साली अमेरिकेत त्या नर्फवाल्यांचा नुसता स्पंजचा चेंडू निघाला होता. घरात खेळा, आपटा, काही फुटत नाही, एवढ्याच गुणावर खपला. काकूंनी ते ऐकून शोकेसकडे एकदा बघितलं आणि निर्धास्त झाल्या बिचाऱ्या.

तिसऱ्या दिवशी काय झालं, मी आमच्या गच्चीत सांडगे घालत होते, तर सूंऽऽ करून एक बाण थेट सांडग्यांच्या कापडावर! म्हणजे त्यांच्या अंगणातून निघाला, हे कुंपण ओलांडलं, आमचा शेवगा ओलांडला आणि गच्चीत. मी ह्यांना तेव्हाच म्हटलं, खेळण्यातल्या बंदुकीला एवढा जोर? हे म्हणाले, तुला सगळ्यातच काहीतरी दिसतं. लक्षात ठेवा हं हे.

आणि मंगळवारी दुपारी बंदूक गेली. दांडा मागं ओढला की अडकेचना. चाप ओढला तर लुळा, हिरडीतल्या हलणाऱ्या दातासारखा. चिकूनं भोकाड पसरलं. आणि शेवटी ती होती कुणाच्या हातात? आमच्या बंड्याच्या! झालं. काकू ओसरीवरून म्हणतात कशा, ‘मी कुणाचं नाव घेत नाही हो, पण आमच्या चिकूच्या हातून आजवर काही मोडलेलं नाही.’ नाव घेत नाही! अंगणात पोरं दोनच, त्यातलं एक त्यांचं. मग उरलं कोण? तुळस? बंड्याचा चेहरा एवढासा झाला. ‘आजी, मी आपटली नाही गं,’ एवढंच म्हणाला आणि घरी येऊन आमटीभात न खाता झोपला.

जावईबापू तेव्हा झोपाळ्यावर होते, मोबाइल बघत. मान वर न करता म्हणाले, ‘जाऊ दे ना मम्मी, मुलं आहेत. नवी ऑर्डर करू.’ सगळ्या बायकांना केवढं कौतुक! काय मोठं मन, काय समजूतदारपणा... मलाही वाटलं हो. खोटं कशाला बोलू.

पण काकू कसल्या ऐकतात. नवी कशाला, म्हणाल्या, एवढ्याशा गोष्टीला! आणि काढली फेविक्विक. बंदूक उघडायची नाही, काही नाही, त्या दांड्याच्या फटीतून आत थेंब सोडला. एक, दोन, मग अंदाजे. आत काय मोडलंय ते ठाऊक नाही आणि औषध चालू! झालं काय, की मोडलं होतं ते राहिलं मोडलेलंच, आणि चांगला हलत होता तो दांडा जागीच बसला. आतून प्लास्टिक पांढुरकं पडलं, वाफेनं पडतं तसं. आणि काकूंचं बोट अंगठ्याला चिकटलं. उजव्या हाताचं! अहो, ज्ञानमुद्रा! तशाच बसल्या पाटावर, समोर अनारसे थापायचे. मला हसू आवरेना. मी उठून पाणी प्यायला गेले.

मग लेकीनं नेलपॉलिश रिमूव्हर आणला. त्यानं बोटं सुटली, पण बाटली कलंडली ती बंदुकीवर. त्या रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असतं ना, तेवढ्या जागेची चकाकी गेली आणि प्लास्टिक चिकट झालं, उन्हात ठेवलेल्या गुळासारखं. नंतर स्टँडसमोरच्या मोबाइलवाल्या पोराकडे नेली. त्यानं हलवून आवाज ऐकला, कलिंगड ऐकतात तसा, आणि ‘पार्ट मिळत नाय’ म्हणून परत दिली. जावईबापू परत म्हणाले, ‘बघा, मी म्हटलं होतं, नवी ऑर्डर करू.’ दुसऱ्यांदा म्हणाले. मला तेव्हाच जरा... पण नको, क्रमानं सांगते.

बुधवारी सकाळी मीच फिटरतात्यांना बोलावलं. माझ्या बंड्याचं नाव घेतात म्हणजे काय! मी आपलं गोड आवाजात म्हटलं, ‘काकू, तात्यांना एकदा दाखवू. निदान कशानं मोडली ते तरी कळेल.’ काकूंना नाही म्हणता येईना.

तात्या आले. तेच सदरा-पायजमा, खिशात व्हर्नियर. जावईबापूंशी ओळख करून दिली, हे आमचे तात्या, कूपरमधून रिटायर झालेत, सातारा रोडला होते. तर पाव्हणे म्हणतात, ‘अच्छा, सातारा रोड, म्हणजे धनकवडीच्या जवळ का?’ आता बोला! अहो, आपल्याच तालुक्यातलं सातारा रोड, पाडळीचं, स्टेशन आहे तिथं. तात्यांना तेवढं निमित्त पुरतं. सुरूच झाले, की धनजीशा कूपरांनी १९२२ साली तिथं कारखाना काढला, लोखंडी नांगर ओतले, पुढं डिझेल इंजिनं केली आणि १९३७ साली तेच कूपर मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले, ते थोडेच महिने. हे असं सांगतात की जणू शपथविधीला पुढच्या खुर्चीत बसले होते. तेव्हा तात्यांचा जन्मही नव्हता. पण नांगराचा फाळ सांगतात तो मात्र डोळ्यांपुढं उभा राहतो हं.

तर काय सांगत होते... बंदूक ओसरीवर घेतली. खाली जुनं वर्तमानपत्र. टीचरबाई आल्या, गिरणीवाली आली, काका चष्मा पुसत आले. मी पायरीवर, पिठाचा डबा घेऊन. काकूंनी आतल्या चुलीवर तूप चढवलेलं, दार उघडं ठेवून, म्हणजे इकडचं दिसावं.

तात्यांनी बंदूक आडवी केली आणि त्या छापील चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला. म्हणाले, ‘हितं एक लपलाय.’ आणि खरंच, स्टिकरखाली स्क्रू! एकंदर नऊ निघाले. वर्तमानपत्रावर पेन्सिलीनं बंदुकीचं चित्र काढलं आणि जिथला स्क्रू तिथंच चित्रावर ठेवला, कारण म्हणे दोन लांब असतात, सात आखूड, लांबडा आखडाच्या जागी घातला तर बाहेरून टरफल तडकतं. मग चिकूला आणि बंड्याला मागं सारलं, बंदुकीवर पंचा टाकला आणि पंच्याआडून झाकण उचललं. आत टण्ण झालं. स्प्रिंग उडाली, पण पंच्यातच. तात्यांचं हे असं असतं. आपल्याला वाटतं पंचा घाम पुसायला आणलाय.

आणि मग दाखवलं हो त्यांनी. आत फार काही नाहीच! सायकलचा पंप माहीत आहे ना, तोच. एक नळी, तिच्यात दट्ट्या, दट्ट्याला रबरी वायसर, मागं स्प्रिंग. दांडा ओढला की दट्ट्या मागं येतो, स्प्रिंग दबते आणि दांड्याच्या खाचेत एक बोटाच्या पेराएवढा तुकडा अडकतो. तो खटका. चाप ओढला की खटका खाली, दट्ट्या सुटतो पुढं. ‘स्प्रिंग बाणाला शिवत बी न्हाई,’ तात्या म्हणाले, ‘बाण मारतंय ते वारं.’

टीचरबाईंना राहवेना. पिचकारीचं तत्त्व, म्हणाल्या, आणि ती पाण्याची मोठी पिचकारी, सुपर सोकर, ती शोधणारे लॉनी जॉन्सन म्हणजे नासातले इंजिनिअर! बाथरूममध्ये भलताच कसला प्रयोग करत होते, पाण्याची धार भिंतीवर बसली आणि खेळणं सुचलं. स्पंजच्या बाणांच्या बंदुकीतही त्यांचं डोकं आहे, आणि त्याची थकलेली रॉयल्टी म्हणून कंपनीकडून २०१३ मध्ये त्यांना ७ कोटी २९ लाख डॉलर मिळाले. डॉलर हं! काका इतका वेळ लांबून बघत होते, ते चष्मा लावून बंदुकीच्या अगदी जवळ आले.

पण तात्यांचं लक्ष भलतीकडेच. खटक्याचे दोन तुकडे तळहातावर घेऊन उन्हात गेले. परत आले. म्हणाले, ‘वैनी, ही आपटून मोडलेली न्हाई.’

मी पीठ मळायचं थांबवलं.

‘आपटून मोडलं की तुकडा काचेगत तुटतोय. हितं बघा, मोडीच्या कडेनं पांढरं पडलंय. म्हंजी ह्यो वाकलाय, लई बारी वाकलाय, आन् मग मोडलाय. ह्येच्यावर जोर लई आलाय.’ मग पंच्यातली स्प्रिंग उचलली. काळी, जाड तारेची. दोन बोटांत दाबून बघितली, दबेना. चिकूकडे बघितलं, त्याच्या दंडाकडे बघितलं. ‘आन् ही स्प्रिंग हिची न्हवं.’

शांतता बघा. तूप तडतडतंय तेवढाच आवाज.

‘आन् ह्ये पेच,’ तात्या चित्रावर वाकले, ‘माझ्याआधी कुणीतरी खोललंत. फुलीचं तोंड खाल्लंय. हलक्या पान्यानं खोललंत.’

अहो, मी झोपाळ्याकडे बघितलं. झोपाळा थांबलेला! जावईबापूंचा मोबाइल हातातच, पण अंगठा हलेना. गोरे आहेत ना, कान लाल झाले की लगेच दिसतात. आणि तेवढ्यात चिकू, देवाघरचं लेकरू, टाळ्या वाजवत म्हणतो, ‘बाबांनी पॉवरफुल केलीय ती! रात्री! बाबा म्हणाले, आजीला सांगायचं नाही, सिक्रेट मॉडिफिकेशन!’

काय सांगू तुम्हाला! आधी लेकीचा चेहरा पडला. मग काकांचा, पण त्यांचा मिशीमुळे अर्धाच दिसला. गिरणीवालीनं पदर तोंडाला लावला. आणि काकू... काकू झारा हातात धरून दारात उभ्या आणि मागं कढईत त्यांचा अनारसा हसला! पूर्ण हसला हो, जाळीच जाळी, तुपभर. सगळे तेहतीस मोजून थापलेले. आता बत्तीस जावयाला देता येतात का?

लेक काही बोलली नाही. आत गेली, पाव्हण्यांची बॅग उघडली, दाढीच्या डब्यातून एक प्लास्टिकची पुडी आणली आणि तात्यांपुढे ठेवली. कंपनीची मूळ स्प्रिंग! बारीक तारेची, हलकी. बायकोला सगळं माहीत असतं, फक्त कधी काढायचं ते ती ठरवते.

जावईबापू उतरले झोपाळ्यावरून. म्हणाले, ऑनलाइन मिळतात अशा जास्त ताकदीच्या, ऑफिसमधले सगळे घालतात... तात्यांनी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही, म्हणजे अपमान नको म्हणून हो. ‘पाव्हणं, हौस हाय, झालं. पर स्प्रिंग वाढवली तर खटका बी तसाच लागतोय. बैल बदलला आन् शिवळ तीच ठेवली.’ शिवळ म्हणजे काय ते पाव्हण्यांना कळलं नसणार. मान मात्र हलवली.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला कोण काय बोलणार? काकूंनी एक अक्षर काढलं नाही. फक्त ताटलीत दोन अनारसे घेतले, खसखशीची बाजू वर करून, आणि सरळ आमच्या बंड्याच्या हातात दिले. माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही. बघितलं असतं तर हसले असते.

आता खरी गंमत पुढंच. खटका जोडायचा कसा? जावईबापू म्हणाले, चांगल्यातलं अराल्डाइट आणू. तात्यांनी तुकडा नखानं खरवडून दाखवला. बाहेरचं टरफल वेगळ्या प्लास्टिकचं आणि आतला खटका वेगळ्या, दुधी, साबणासारखा गुळगुळीत. मुद्दाम गुळगुळीत करतात, घासू नये म्हणून. मग त्यावर डिंक तरी कसा धरणार? फेविक्विकचा त्यात काय दोष! टरफलाचं वेगळं, ते त्या रिमूव्हरनं विरघळत होतं ना, मग त्याच प्लास्टिकचा कपचा त्यातच विरघळवून खळ करायची आणि चीर भरायची. काकूंनी सांडलेल्या बाटलीतलं उरलेलं तात्यांनी तिथंच वापरलं. खटका मात्र म्हणाले नवाच करावा लागणार.

‘लोखंडाचा करा ना तात्या, परत मोडायला नको,’ काका म्हणाले. तात्यांनी हात जोडले. लोखंडाचा केला तर तो प्लास्टिकचा दांडा खाईल, मग खाच गेली की बंदूकच गेली. रोटाव्हेटरच्या शाफ्टला शिअर बोल्ट असतो ना, रोटाव्हेटर दगडात अडकला की तो बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. तसं. मोडायचंच तर स्वस्तातलं मोडावं. माझ्या डोक्यात तेव्हा आमच्या जाऊबाईंकडचं वाटणीचं प्रकरण आलं, पण ते पुन्हा कधी...

तर काय सांगत होते, तात्यांच्या पत्र्याच्या खोलीत नायलॉनच्या गजाचा तुकडा होता. त्यातून कापला खटका. आणि मदतीला कोण? जावईबापू! बसले की हो खोक्यावर, बर्म्युडा घालून. पहिल्या दिवशी हॅक्सॉचं पान तोडलं. दुसऱ्या दिवशी कानस धरायला शिकले, म्हणजे पुढं जाताना दाब, मागं येताना उचल. मी उगाच दोनदा कोथिंबीर मागायला गेले तात्यांच्या बायकोकडे, तेव्हा बघितलं सगळं. तात्या जुना मोडका तुकडा दाखवून म्हणत होते, आतला कोपरा बघा, काटकोनात हाय, चीर तिथनंच सुटलीय. म्हणून नव्या खटक्याच्या आतल्या कोपऱ्याला त्यांनी गोल कानस मारली आणि पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून दोनशे वेळा घासला. मापं एकजण सुतात बोलतोय, दुसरा मिलिमीटरमध्ये. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरला जरा जास्त, यावर त्यांचा अर्धा तास गेला आणि दोघंही खूश.

पाव्हण्यांनी थ्रीडी प्रिंटचंही काढलं. पुण्यात म्हणे असा पार्ट कॉम्प्युटरवर काढून छापून मिळतो, थरावर थर. पण थर कुठल्या दिशेनं ते बघावं लागतं, नाहीतर थरातूनच फाटतो. तात्यांनी कानस खाली ठेवली. ‘म्हंजी लाकडाच्या रेषेगत? रेषेवर घाव बसला की चिरलं?’ पाव्हणे म्हणाले, ‘एक्झॅक्टली!’ अहो, त्या एक्झॅक्टलीनंतर तात्यांनी आपल्या बायकोला चहा टाकायला सांगितलं. चार वाजता! स्वतःच्या साडूला त्यांनी चारला चहा दिलेला नाही कधी.

शुक्रवारी बसला खटका. मूळ हलकी स्प्रिंग, वायसरला थोडं सिलिकॉनचं ग्रीस, नऊ स्क्रू आपापल्या जागी, आणि घट्ट आवळायचे नाहीत, टेकले की बास. दांडा ओढला, कट् आवाज आला, चाप ओढला, फट्ट! बाण तुळशीपर्यंत गेला आणि पडला. शेवगा नाही, गच्ची नाही. चिकू म्हणाला, ‘एवढाच?’ त्याची आई म्हणाली, ‘एवढाच. आणि तोंडाकडे धरायची नाही.’ बंड्याला पहिला नंबर दिला, हे मी होऊन सांगायला नको, पण सांगते.

अनारसे? तेहतीस झाले की. हसलेला एक आणि बंड्याचे दोन, असे तीन कमी पडले, ते माझ्या पिठाचे. काकूंनी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

आणि ती काळी, जाड स्प्रिंग? लेक म्हणाली फेकून द्या. तात्या कसले फेकतायत. त्यांच्या फाटकाची कडी ढिली होती ना गेल्या पावसापासून, वाऱ्यानं उघडायची आणि शेळ्या आत यायच्या. तिथं बसवली. आता फाटक लागलं की काय वाजतं... हं, बघा! खट्ट! ऐकलंत? तेच ते. मला तर स्वयंपाकघरातून कळतं, तात्यांकडे कोण आलं, किती वाजता आलं, किती वेळ बसलं. मघाशी एकदा वाजलं ते जाताना, कारण आधी चपला वाजल्या. आणि आत्ताचं येतानाचं. दुपारच्या तीनला कोण बरं... थांबा हं, फांदी धरा जरा, बघून येते.